१२ वर्षांचा साग, घेर बरा पण गाभा निम्माच! पाणी जास्त झालं का?

बांधावरचा_साग

नमस्कार मंडळी, नगर जिल्ह्यातून लिहितोय. दोन एकर साग आहे, १२ वर्षं झाली. आमच्याकडे पाऊस ५००-६०० मिमी, पण कॅनॉलचं पाणी असल्यामुळे सुरुवातीपासून ड्रिपवर आहे. उसाला पाणी सोडलं की सागालाही सोडायचं असं चाललंय बाराही महिने, उन्हाळ्यात तर जास्तच. अंतर ८ बाय ८ फूट, तेराशेच्या आसपास लावली होती त्यातली अकराशे उभी आहेत. छातीच्या उंचीला घेर बहुतेकांचा २२ ते २८ इंच. विरळणी केली नाही कारण जीव होत नाही तोडायला, खरं सांगतो.

गेल्या महिन्यात एक व्यापारी आला. म्हणाला एक झाड पाडून दाखवा मग भाव बोलू. पाडलं. २६ इंच घेराचं होतं. बुंध्याचं तोंड सव्वाआठ इंच रुंद, त्यात मधला तपकिरी गाभा जेमतेम पावणेसहा इंच, बाकी सगळं पांढरं. गाभासुद्धा फिकट, पिवळसर. त्याने नखाने दाबून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि जो भाव सांगितला तो जळणापेक्षा थोडा बरा एवढंच म्हणेन. वर म्हणतो "पाण्यावरचा साग आहे, पोकळ माल".

आता गंमत बघा. त्याच नर्सरीतल्या उरलेल्या सागजड्या (वरून-खालून छाटलेली मुळासकटची रोपं) वडलांनी वरच्या मुरमाड बांधावर लावल्या होत्या, त्यांना एक थेंब पाणी नाही दिलेलं. त्यातलं एक मागच्या वर्षी वाऱ्याने गेलं, घेर फक्त १७ इंच, पण गाभा मधासारखा गडद, वास पण चामड्यासारखा येतो तसा. मग माझा प्रश्न साधा आहे, पाणी देऊन मी लाकूड बिघडवलं का? आणि आता पाणी बंद केलं तर सुधारेल का? अजून एक, पाडलेल्या झाडाच्या चकतीवर मी वलयं मोजली तर १५ भरली. झाड १२ वर्षांचं आहे याची मला खात्री आहे, कारण त्याच वर्षी मुलगी झाली. ही काय भानगड?

घाई_नको

जोमाने वाढलेलं लाकूड भुसभुशीतच असणार हो, यात विचारायचं काय. जंगलातला साग ८० वर्षं घेतो म्हणून तो साग. फार्मी कोंबडी आणि गावरान कोंबडीत जो फरक तोच. पाणी, खत घालून फुगवलेलं झाड ते फुगलेलंच.

करवतीखाली

वरच्या भाऊंचं म्हणणं सगळीकडे ऐकू येतं पण सागाला ते जसंच्या तसं लागू होत नाही. मी बल्लारशाकडे २२ वर्षं सॉ मिलवर आहे जी, सीपी साग (जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे आमच्या चंद्रपूरकडचा) रोज हाताखालून जातो, त्यामुळे थोडं लांब लिहितो, वाचा.

सागाची चकती ओल्या फडक्याने पुसून बघा. प्रत्येक वलयात आधी मोठ्या भोकांची एक रांग दिसेल, ती पाऊस सुरू होताना झाड पालवतं तेव्हाची. त्याच्या बाहेर दाट, गडद पट्टा, तो नंतरचा. आता झाड हळू वाढलं की वलय बारीक होतं, पण भोकांची रांग काही बारीक होत नाही, ती जवळपास तेवढीच राहते. आक्रसतो तो दाट पट्टा. म्हणजे फारच हळू वाढलेल्या सागात भोकं जास्त आणि घट्ट लाकूड कमी. असा साग हातात हलका लागतो, रंध्याखाली फुटतो. उलट बऱ्यापैकी वेगाने वाढलेल्या सागात दाट पट्टा रुंद येतो. त्यामुळे "लवकर वाढला म्हणून कमजोर" हे सागाच्या बाबतीत खरं नाही. देवदार-पाईनचं गणित लोक सागाला लावतात आणि फसतात.

मग तुमचं लाकूड हलकं का पडलं? पहिलं कारण वय. कोणतंही झाड पहिली दहा-पंधरा वर्षं जे लाकूड करतं ते कोवळंच असतं, त्याचे धागे आखूड, वाळताना पीळ मारतं. तुमचं अख्खं झाडच त्या वयाच्या आतलं आहे, त्यात पाण्याचा काय दोष. दुसरं म्हणजे घेर. हिशोब करा, सव्वाआठ इंच तोंड आणि पावणेसहा इंच गाभा म्हणजे कडेला सगळीकडून सव्वा इंच कच्चं लाकूड. क्षेत्रफळात गाभा निम्म्याहून जरा कमी. आता हेच झाड ५२ इंच घेराचं झालं असं धरा, तोंड साडेसोळा इंच, कच्च्याचा पट्टा समजा तेवढाच सव्वा इंच राहिला तर गाभा ७० टक्क्यांच्या वर जातो. झाड तेच, शेत तेच.

आणि घनफुटाचं गणित तर तुम्हाला माहीतच असेल, घेर फुटात घ्यायचा, भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. २६ इंची १० फूट लठ्ठ्याला पावणेतीन-तीन घनफूट येतं. ५२ इंचीला पावणेबारा. घेर दुप्पट, माल चौपट, शिवाय जाड मालाचा दर घनफुटामागे पण वेगळा, कारण त्यातून रुंद फळी निघते. आता तोडाल तर बल्ल्या (बांधकामाचे बारीक वासे) विकाल, साग नाही.

रंगाचं मात्र तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावर पुढे जाणकार बोलतील.

बांधावरचा_साग

वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग बांधावरचा १७ इंचवाला गडद कसा? आणि १५ वलयं?

निवृत्त_वनपाल

वलयांचं उत्तर मी देतो. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या सागाची पानं जाळीसारखी होतात का, किंवा एका आठवड्यात झाड बोडकं होतं का? अळ्या दोन प्रकारच्या. एक कोवळी पानं शिरा सोडून पूर्ण खाते, ती पावसाच्या सुरुवातीला येते. दुसरी नंतर येते आणि शिरांच्या मधला हिरवा भाग खरवडून पानाची चाळण करते. झाड बोडकं झालं की त्या हंगामात वाढ थांबते, मग नवी पालवी येते आणि वाढ पुन्हा सुरू, त्यामुळे एका वर्षात दोन वलयं दिसतात. खोटं वलय म्हणतात त्याला. तुमच्याकडे तर बारमाही पाणी, उन्हाळ्यात पाणी सुटलं की अवेळी पालवी येते, त्यानेही असं होऊ शकतं. म्हणून बागायती सागाचं वय वलयांवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मुलीच्या जन्माचा दाखला जास्त पक्का.

आता पाण्याबद्दल. सागाला वर्षात तीन-चार महिने कोरडे लागतात. पानं गाळून गप्प बसायचं असतं त्याला. आपल्याकडचा चंद्रपूर-गडचिरोलीचा साग, आदिलाबादचा, खाली केरळात निलंबूरचा, सगळीकडे पाऊस वेगवेगळा पण कोरडा काळ सगळीकडे आहे. निलंबूरला १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली आणि त्याच्या हाताखालचे चातू मेनन यांनी लावलेला साग अजून थोडा उभा आहे, मी ट्रेनिंगला असताना बघितलाय. चालियार नदीकाठची गाळाची खोल जमीन, पाणी भरपूर पण तुंबत नाही, आणि उन्हाळा उन्हाळ्यासारखा. सागाला पाणी नको असं कुणी म्हणत नाही, त्याला तुंबलेलं पाणी नको आणि झोपेच्या वेळी पाणी नको.

बारमाही ओलीत मुळं वरच्यावर राहतात, वादळात झाड आडवं होतं. बुंध्यावर पाणफुटवे येतात, ते वेळेवर काढले नाहीत की प्रत्येकाची एक गाठ लाकडात बसते. आणि गाभ्यात जी रसायनं साठतात, ज्यांच्यामुळे वाळवी-बुरशी लागत नाही, त्यांचं प्रमाण ओल्या जागेत कमी राहताना दिसतं. केरळ वन संशोधन संस्था, पीची, यांनी तिकडच्या लोकांच्या परसातल्या सागावर काम केलंय. ताकदीत परसातला साग प्लांटेशनच्या फार मागे नव्हता, पण ओल्या जागेतलं लाकूड फिकट आणि बुरशीला कमी टिकणारं निघालं, कोरड्या जागेतलं गडद आणि नक्षीदार. तुमच्या शेतात आणि बांधात नेमका तोच फरक दिसतोय.

तरीपण बांधावरच्या झाडाचा गाभा किती इंच होता ते सांगा बघू.

बांधावरचा_साग

मोजला आत्ता, तुकडा गोठ्यात पडलाय. तोंड साडेपाच इंच, गाभा तीन इंच धरा.

निवृत्त_वनपाल

बघा. रंग सुंदर पण मुठीत मावतो. त्यातून पाटाचे पाय होतील. शेतातल्या झाडाने त्याच १२ वर्षांत जवळपास दुप्पट रुंद गाभा दिलाय. म्हणून पाणी देऊन वाटोळं केलं असं मनाला लावून घेऊ नका, वाढ मिळाली ती खरी आहे. चुकलं एवढंच की दाटीत ठेवलंत आणि झोपू दिलं नाहीत.

कातळावर

आमच्या चिपळूणकडची गोष्ट सांगतो, उलट्या टोकाची. पाऊस तीन हजार मिमीच्या वर, पण जमीन काय, जांभा. आजोबांनी एकाच वर्षी तीन जागी साग लावला. वर कातळावर, जिथे माती वीतभर, तिथला चाळीस वर्षांनंतरही मांडीएवढा आणि शेंड्यातून वाळलेला. खाली भातखाचराच्या कडेला, जिथे पावसाळाभर पाणी उभं, तिथला पाचेक वर्षांत पिवळा पडत पडत गेला. आणि मधे पऱ्याच्या (ओढ्याच्या) वर उताराला, जिथे डोंगरावरून माती उतरून साठलीय, तिथला बघायला या कधीतरी, दोन माणसांच्या कवेत नाही पण एकाच्या कवेत भरतो. पाऊस तिघांना सारखाच पडला हो. मला तरी वाटतं जमिनीची खोली आणि निचरा हे आधी, बाकी सगळं नंतर.

सागाला चुना आवडतो असं ऐकलंय, आमच्या आंबट जांभ्यात तो नाहीच. खरं आहे का?

निवृत्त_वनपाल

हो, कॅल्शियम भरपूर खाणारं झाड. जमिनीचा सामू (pH) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला की खूष. कापताना कधी कधी लाकडाच्या भेगेत पांढरी पूड सापडते ती त्याचीच. पण नगरवाल्यांनी यावरून चुना टाकायला धावू नये, तुमच्याकडे चुनखड मुळातच असणार. तुमची अडचण भारी काळी जमीन असेल तर निचऱ्याची आहे, पावसाळ्यात चर काढा दोन ओळींआड.

करवतीखाली

ती पांढरी पूड आणि वर सागात वाळूचा अंश, दोन्हीमुळे करवतीचे दात बोथट होतात जी. घरच्या सुताराला विचारा, साग कापून झाला की पहिलं काम कानस.

उरणकर

मी न्हावाशेव्याला इम्पोर्टेड टिंबरच्या क्लिअरिंगमध्ये आहे. तुमच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते इथून दिसतं म्हणून लिहितोय. २०१४ ला म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. लागवडीचा साग आधीपासून येत होताच, आता बाजार त्याच्यावरच चालतो, इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका, घाना, टांझानिया वगैरे. कंटेनर उघडला की तोंडाला तोंड लावून रचलेले ओंडके, बरेचसे १५ ते २५ वर्षांचे, बारीक, कडेला पांढरं कडं. लॉट लागतो घेराप्रमाणे. कोस्टारिकाचाच माल दोन प्रकारचा येतो, ग्वानाकास्ते म्हणून पॅसिफिक बाजूचा भाग आहे जिथे चार-सहा महिने पाऊस नसतो, तिथला जरा गडद असतो आणि घेणारे तो निवडून मागतात, ओल्या भागातला फिकट मागे राहतो. म्हणजे तुमच्या बांधाचा आणि शेताचा वाद तिकडे पण आहे 😄

तर तुमचा २६ इंची साग या मालाशी स्पर्धा करतो, चंद्रपूरच्या मालाशी नाही. अयोध्येच्या मंदिराला २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला तेव्हापासून गावोगाव लोकांना वाटतं आपल्या बांधावर पण तेच उभं आहे. नाव एक, माल वेगळा.

घाई_नको

बरं बुवा, कोंबडीचं उदाहरण मागे घेतो. पण मग ९० च्या दशकात त्या सागवाल्या कंपन्या हजारात युनिट विकायच्या, २० वर्षांत लाखो देतो म्हणायच्या, ते काय होतं? माझ्या काकांचे पैसे बुडाले त्यात, सर्टिफिकेट अजून कपाटात आहे.

करवतीखाली

तिथे हाच हिशोब चुकवून विकला होता. पहिल्या पाच-सात वर्षांची वाढ धरून सरळ रेघ पुढे ओढायची, आणि भाव लावायचा जुन्या जंगली सागाचा. झाड पहिली काही वर्षं बांबूसारखं पळतं, शेंडे एकमेकांना लागले की बसतं. विरळणी करायला कुणी नव्हतंच. सेबीने १९९९ मध्ये असल्या योजनांना नियम लावले तोवर पुष्कळांचे गेले होते.

बांधावरचा_साग

म्हणजे मी माझ्याच शेतात तेच केलं, सरळ रेघ ओढली. ठीक आहे. मग आता करू काय? अकराशे झाडं आहेत. कुणी स्टेप सांगेल का. आणि व्यापारी म्हणतोय तुम्हाला विरळायचंच असेल तर जाड जाड मी नेतो, बारीक राहू द्या, ती वाढतील.

निवृत्त_वनपाल

अजिबात नको! ही जुनी खेळी आहे. जाड नेली की तुमच्याकडे उरतात ती बारा वर्षं मागे पडलेली, वाकडी, दुबेळकी झाडं. त्यांच्या शेंड्यात आता जोर नाही आणि उद्या बी पडलं तरी त्यांचंच. काढायची ती बारीक, वाकडी, पोखरलेली, खाली दोन फाटे झालेली. ठेवायची ती सरळ, गोल बुंध्याची, शेंडा मोकळा असलेली. जाड असूनही खोडाला खोल खाचा पडलेलं झाड असेल तर तेही काढा, चौकोनी कापताना निम्मं वाया जातं.

फाट्यांबद्दल जाता जाता सांगतो कारण लोकांना हे माहीत नसतं. साग फुलतो तो शेंड्याच्या टोकाला. मुख्य शेंड्यावर पांढरा फुलोरा आला की तो शेंडा तिथेच संपला, खालून दोन डोळे फुटतात आणि झाड दुबेळकं होतं. जे झाड सहाव्या-सातव्या वर्षी फुललं त्याचा सरळ बुंधा तिथेच थांबला, जे पंधराव्या वर्षी फुललं त्याचा बुंधा लांब. यात जमीन थोडी, बियाण्याची जात फार. म्हणून रोपं कुठून आली हा प्रश्न पाण्याइतकाच मोठा आहे, पण तो तुम्ही बारा वर्षांपूर्वी विचारायचा होता, असो.

८ बाय ८ वर आता साधारण निम्मी काढा, म्हणजे एक आड एक असं डोळे मिटून नाही, वर सांगितलं तसं बघून. एकदम जास्त मोकळं केलंत तर उरलेल्या बुंध्यांवर ऊन पडून पाणफुटव्यांचं रान माजेल. पुढची विरळणी सहा-आठ वर्षांनी. पाणी दिवाळीनंतर कमी करत आणा, पानगळ सुरू झाली की बंद, वळवापर्यंत बंद. एकदम या वर्षी कडक उन्हाळ्यात पाणी तोडू नका, बारा वर्षांची सवय आहे त्यांना, मुळं वर आहेत. दोन वर्षांत जमवा. आतलं झालेलं लाकूड काही गडद होणार नाही, पण यापुढे जो गाभा तयार होईल तो सुधारायला वाव आहे.

आणि परवानगी! साग अनुसूचित झाड आहे, १९६४ चा कायदा. खासगी जमिनीवरचा असला तरी तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास लागतो, विरळणीलाही. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का आधी बघा, नसली तर आधी ते काम.

बांधावरचा_साग

सातबाऱ्यावर "साग १३००" आहे, वडलांनी तेवढं केलं होतं. विरळणीत निघालेल्या मालाचं काय करू, तो विकायचा म्हटलं तर परत तोच व्यापारी.

करवतीखाली

घरीच वापरा थोडा. गोठ्याचं छप्पर, मांडव, गेट. पण साल काढून, कच्च्या पांढऱ्यासकट वापरणार असाल तर बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात ओला असतानाच बुडवून ठेवा, नाहीतर दोन वर्षांत घुण त्याचं पीठ करून खाली पाडतो. आणि ते पावसाच्या माऱ्यात लावू नका, औषध धुऊन जातं. वाळवताना सावलीत, तोंडांना रंग किंवा शेण लावून, नाहीतर चिरतो. बाकीचं बल्ली म्हणून बांधकामवाल्याला द्या, फर्निचरवाल्याच्या दारात जाऊ नका.

कातळावर

फांद्या पण बघा हो. खालच्या फांद्या वाळून गळेपर्यंत थांबलात तर त्यांचे ठोकळे लाकडात राहतात, पुढे फळीतून गाठ निखळते आणि भोक पडतं. कोवळ्या अंगठ्याएवढ्या असताना बुंध्यालगत साफ कापायच्या, खुंट ठेवायचा नाही, आणि झाडाच्या उंचीच्या अर्ध्याच्या वर जायचं नाही. आमच्याकडे लोक नारळ सोलावा तसा साग सोलतात वरपर्यंत, मग तो काठीसारखा लांब होतो आणि पहिल्या वाऱ्याला वाकतो.

बांधावरचा_साग

सगळ्यांचे आभार. काल मुलगी आणि मी टेप घेऊन पहिल्या चार ओळी फिरलो. ८४ झाडं. ठेवण्यासारखी म्हणून ३९ निघाली, दुबेळकी २१ (कधी लक्षच गेलं नव्हतं वर!), बाकी बारीक आणि वाकडी. गंमत म्हणजे सगळ्यात चांगली झाडं ड्रिपच्या तोंडाशी नाहीत, उताराच्या बाजूला आहेत जिथे पाणी थांबत नाही. एक शंका, खूण करायला चुना चालेल का ऑइल पेंट? आणि खूण काढायच्या झाडाला करायची का ठेवायच्या?

निवृत्त_वनपाल

चुना पहिल्या पावसात जाईल. पेंट लावा, छातीच्या उंचीला पट्टा आणि बुंध्याशी एक ठिपका, म्हणजे झाड तोडल्यावर खुंटावरही खूण राहते आणि मजुरांनी भलतंच पाडलं का ते कळतं. खूण ठेवायच्या झाडांना करा. काढायच्यांना केलीत तर कुणीतरी रात्रीत जाड झाडांवर दोन-चार पट्टे वाढवेल. व्यापाऱ्याला तारीख आधी सांगू नका.